पालवणकर बाळू : दुसऱ्या डावाचा हिशेब

आमच्या चळवळीच्या दिनदर्शिकेत जयंत्या आणि स्मृतिदिन कमी नाहीत. महापुरुषांपासून शाहिरांपर्यंत, नामांतराच्या शहिदांपासून गावच्या पहिल्या शिक्षकापर्यंत आम्ही सर्वांची आठवण ठेवतो. परंतु ४ जुलै ही तारीख येते आणि जाते. बीडच्या कोणत्याही वस्तीत त्या दिवशी एक हार घातला जात नाही. भारतीय क्रिकेटचा पहिला महान गोलंदाज पालवणकर बाळू यांचे १९५५ साली याच दिवशी मुंबईत निधन झाले. ते अस्पृश्य समाजात जन्मले, अस्पृश्यतेचे चटके खात खेळले आणि एका पिढीतील अस्पृश्य तरुणांचे नायक झाले. त्यात आमचे बाबासाहेबही होते.

मग असा माणूस आमच्या विस्मरणात का गेला? याचे उत्तर आमच्यापैकी जाणत्यांना ठाऊक आहे. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले. तेवढ्या एका गोष्टीने त्यांच्या आधीच्या चाळीस वर्षांवर पडदा पडला. आमचे म्हणणे असे की, १९३७ झाकू नये आणि १९११ सुद्धा झाकू नये. दोन्ही सांगितल्याशिवाय, खेळाडूने मैदान सोडल्यावर आपल्या समाजासाठी काय करावे, हा आजचा प्रश्न सुटणार नाही.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला एका चर्मकार कुटुंबात झाला. कुटुंबाचे मूळ गाव कोकणातले पालवण. बीड शहराजवळही पालवण आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. वडिलांची नोकरी लष्कराशी निगडित होती आणि कुटुंब पुण्याला आले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही लष्करातलेच. गावगाड्याने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांच्यातल्या काहींना छावणीने पहिल्यांदा पगार, शाळा आणि थोडी मोकळी जागा दिली. पुण्याच्या त्या मोकळ्या जागेत गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले.

बाळूंची पहिली नोकरी एका पारशी क्रिकेट क्लबवर. काम काय? मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, आणि सभासदांची मर्जी झाली तर त्यांना सरावासाठी चेंडू टाकायचे. महिना तीन रुपये. पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबवर चार रुपयांवर गेले. जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे, टेनिसचे कोर्ट तयार करणे ही कामे करता करता ते जाळीत गोलंदाजी करू लागले. डाव्या हाताची संथ फिरकी, आणि टप्प्यावर अचूक ताबा. क्लबचा नामवंत फलंदाज कॅप्टन ग्रेग त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करी, आणि आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या क्लबवर बाळूंच्या हातात बॅट कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, फलंदाजी हा मानाचा भाग. क्रिकेटमध्येही वर्ण होते, आणि बाळूंच्या वाट्याला कोणता आला हे सांगण्याची गरज नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी गोलंदाज हवा होता, आणि तो गोलंदाज अस्पृश्य होता. क्लबमध्ये वाद झाला. काही तेलुगू सभासद बाळूंच्या बाजूने होते, पुण्याच्या ब्राह्मण सभासदांपैकी काहींचा विरोध होता. अखेर जिंकण्याची इच्छा शिवाशिवीपेक्षा मोठी ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. चहाची सुट्टी झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवणाचे टेबल वेगळे, ताट वेगळे. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर ते द्यायला अस्पृश्य नोकरच यायचा. म्हणजे चेंडू बाटत नव्हता, कप बाटत होता! बळी मिळवून देणारी बोटे चालत होती, पण त्याच बोटांचा पेल्याला स्पर्श चालत नव्हता. न्यायमूर्ती रानडे यांनी मात्र याबद्दल उघडपणे कान उपटले. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कशाला, असा त्यांचा रोख होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईला आले. तिथेही हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशाला काहींचा आक्षेप होता. तो दूर करावा लागला. पुढे बीबीसीआय रेल्वेच्या नोकरीमुळे पोटाची काळजी कमी झाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ वर आटोपले. १०९ धावांनी विजय! बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ८ बळी घेतले. शिवरामही याच संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर झाला, आणि मुंबईच्या जिमखान्यात या भावांना इतरांच्या पंक्तीला बसून जेवता येऊ लागले. सुधारकांच्या वृत्तपत्रांनी याचे मोठे कौतुक केले. परंतु आमच्या मनात प्रश्न उरतोच. ज्या अस्पृश्याला ८ बळी घेता येत नाहीत, त्याने काय करायचे? बाळूंना पंगतीत बसवणाऱ्यांनी आपापल्या घरच्या विहिरी उघडल्या होत्या काय?

१९११ मध्ये पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. संघाने सामने गमावले जास्त, जिंकले थोडे. बाळू तेव्हा पस्तिशीचे होते आणि त्यांचा खांदा दुखत होता. तरीही त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, तेही बळीमागे १९ पेक्षा कमी धावा देऊन. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या समारंभाचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजच्या एका तरुण विद्यार्थ्याने तयार केले होते. त्याचे नाव भीमराव आंबेडकर.

या प्रसंगाकडे आमच्या इतिहासाने फारसे लक्ष दिलेले नाही. बाबासाहेब अजून अमेरिकेला गेले नव्हते, महाड व्हायला सोळा वर्षे होती. ज्या समाजाला रस्त्याने जाताना आवाज द्यावा लागत होता, त्या समाजातील एका माणसाने इंग्लंडच्या मैदानावर जाऊन सिद्ध केले की गुणवत्ता जन्मावर ठरत नाही. तरुण भीमरावांना त्याचे मोल कळले होते. खेळाडू समाजाला पहिल्यांदा काय देतो, तर हेच. पैसा नंतर, संस्था नंतर. आधी तो आपल्या पोरांची मान ताठ करतो.

आता कर्णधारपदाची गोष्ट. बाळू संघातले सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी गोलंदाज. पण कर्णधारपद ब्राह्मण खेळाडूकडेच. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतःच मोठ्या मनाने सांगितले की, हा मान बाळूंना मिळायला हवा होता. तरी निवडणाऱ्यांना तो द्यावासा वाटला नाही. १९२० मध्ये पै आजारी पडले, तेव्हा कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेले आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि आपली कारणे जाहीर निवेदनाद्वारे मांडली. जातीमुळे डावलले जात असेल तर आम्ही खेळणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ. लोकांमध्ये चर्चा झाली, वृत्तपत्रांत वाद रंगला, आणि अखेरच्या सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलवावे लागले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, संघाने युरोपियनांना हरवले आणि सवर्ण सहकाऱ्यांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले.

अनेक जण या १९२३ च्या प्रसंगावर थांबतात आणि म्हणतात, पाहा, खेळाने जात मोडली. आम्ही वकिली पेशातले; पुराव्याचा क्रम तपासण्याची आम्हाला सवय आहे. १९०६ च्या विजयाने कर्णधारपद दिले नाही. १९११ च्या ११४ बळींनी दिले नाही. पै यांच्या सज्जनपणानेही दिले नाही. दार किलकिले झाले ते १९२० मध्ये, जेव्हा दोन भावांनी खेळायला नकार दिला. गुणवत्ता आवश्यक होतीच, पण ती पुरेशी नव्हती. तिच्या जोडीला संघटित नकार आला तेव्हा न्याय मिळाला. मैदानाने जात मोडली नाही. मैदानात उभे राहिलेल्या माणसांनी ती थोडी हलवली.

बाळूंचा खेळ संपला तेव्हा त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी होते, सरासरी १५.२१. भारताने पहिला कसोटी सामना खेळला १९३२ मध्ये. तोवर ते पन्नाशी ओलांडून गेले होते, त्यामुळे कसोटीपटू म्हणून त्यांचे नाव कोठेच नाही. त्यांची खरी दौलत होती ती लोकांमधील प्रतिष्ठा. मुंबईच्या कामगार वस्तीत त्यांचे नाव लहान पोरालाही ठाऊक होते. त्यांचा दुसरा डाव या प्रतिष्ठेच्या भांडवलावर सुरू झाला.

हा डाव सार्वजनिक जीवनाचा होता आणि तो समाजासाठीच होता, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यांची वाट बाबासाहेबांपेक्षा वेगळी होती. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते मद्रासच्या एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांप्रमाणे बाळूंचीही सही आहे. एकाने ती उपोषणाच्या दडपणाखाली केली, दुसऱ्याने मनापासून. १९३३ मध्ये बाळू हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढले आणि पराभूत झाले. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तिलाही त्यांनी विरोध केला. ज्या हिंदू संघासाठी हयात घालवली, त्या संघात हळूहळू का होईना जागा मिळाली, तशीच ती हिंदू समाजात मिळेल, असा त्यांचा विश्वास असावा. बाबासाहेबांनी तोवर महाडचे तळे पाहिले होते आणि काळाराम मंदिराचे बंद दरवाजेही पाहिले होते.

आणि मग १९३७. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबईच्या भायखळा-परळ भागातून उभे होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळूंना उभे केले. संयुक्त मतदारसंघाची मेख इथे समजून घेतली पाहिजे. जागा राखीव, पण मत देणारे सर्व जातींचे. अशा ठिकाणी प्रस्थापित पक्षाला अस्पृश्यांचा लढवय्या प्रतिनिधी नको असतो. सर्वांना चालेल असा, नावाजलेला, सौम्य चेहरा हवा असतो. बाळूंपेक्षा चांगला चेहरा कोणता होता? निकाल लागला. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. मानपत्र लिहिणारा आणि मानपत्र घेणारा पंचवीस वर्षांनी असे समोरासमोर आले, आणि त्यातून साधायचे होते ते तिसऱ्याचेच हित.

आम्ही बाळूंना गद्दार म्हणणार नाही. त्यांनी स्वाभिमान विकला असता तर मातीच्या भांड्यातला चहा पिऊन मुकाट राहणे त्यांना अधिक सोयीचे होते. त्यांचा अंदाज चुकला, एवढेच आम्ही म्हणू. आणि आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाळू चर्मकार होते आणि चळवळीचा मोठा भाग पूर्वाश्रमीच्या महारांचा, हे कारणही आमच्या विस्मरणाच्या मुळाशी नाही ना? बीड जिल्ह्यात एकाच गावात आमची वस्ती वेगळी, चर्मकार बांधवांची वेगळी, मातंग बांधवांची वेगळी, आणि तिन्हींच्या जयंत्याही वेगळ्या. बाबासाहेबांनी जातीअंताची भाषा केली ती केवळ सवर्णांसाठी नव्हती. बाळूंचा फोटो आमच्या विहारात का नाही, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलाच पाहिजे.

खेळाडूचा दुसरा डाव दुसऱ्या तऱ्हेनेही खेळता येतो. त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाइन हे वेस्ट इंडीजचे विख्यात क्रिकेटपटू गुलामांच्या वंशातले. १९४३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल हॉटेलने त्यांना केवळ काळे म्हणून राहू देण्यास नकार दिला. त्यांनी हॉटेलविरुद्ध दावा दाखल केला आणि १९४४ मध्ये जिंकला. नुकसानभरपाई मिळाली अवघी पाच गिनी, पण तत्त्व कोर्टाच्या दप्तरी नोंदले गेले. पुढे ते स्वतः बॅरिस्टर झाले, त्रिनिदादचे लंडनमधील उच्चायुक्त झाले, वंशभेदाच्या तक्रारी पाहणाऱ्या ब्रिटिश मंडळावर बसले. खेळाने दिलेले नाव त्यांनी कायद्याच्या लढाईत वापरले. आपल्याकडे अस्पृश्यता (अपराध) कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला. बाळू त्यानंतर जेमतेम महिनाभर जगले. ज्या वेगळ्या कपाने त्यांचा उमेदीचा काळ नासवला, तशा प्रकारांवर शिक्षेची तरतूद झालेली पाहूनच ते गेले. पण ती तरतूद झाली बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाच्या १७ व्या कलमामुळे, कोणा जिमखान्याच्या औदार्यामुळे नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. दसरा झाला की बीडमधील हजारो कुटुंबे कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. मुले एकतर पाचटात वाढतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात किंवा म्हाताऱ्या आजीजवळ राहतात. याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा, सामान्य शेतकरी कुटुंबातला अविनाश साबळे लांबच्या शाळेत पायी जाऊन शिकला, बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकून आला. १९४१ मध्ये उभी राहिलेली महार रेजिमेंट हे बाबासाहेबांच्या प्रयत्नांचे फळ. आपल्या पोरांच्या पायात बळ आहे, याला आणखी कोणता पुरावा हवा? नाही ते मैदान, बूट, पोटभर अन्न आणि रोज संध्याकाळी हाक मारणारा शिक्षक.

हा शिक्षक कोठून येणार? गावोगावी आमचे निवृत्त जवान आहेत, पोलीस दलात खेळलेले आहेत, विद्यापीठापर्यंत कबड्डी, खो-खो, कुस्ती गाजवून आज दुकान किंवा शेती करणारे आहेत. त्यांच्या सत्काराला आम्ही शाल-नारळ घेऊन जातो आणि विषय संपतो. आमची विनंती अशी की, सत्काराच्या बदल्यात त्यांच्याकडे आठवड्याच्या तीन संध्याकाळी मागा. हंगामी वसतिगृहाच्या अंगणात, विहाराच्या मोकळ्या जागेत, शाळेच्या मैदानावर त्यांनी मुलामुलींना शिकवावे. संस्था काढायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली रीतसर नोंदवावी आणि दरवर्षी हिशेब लोकांसमोर वाचावा. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्याची माहिती मुलांना द्यावी, पण प्रमाणपत्राचा बाजार मांडू नये. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या प्रकरणांत खऱ्या खेळाडूंचाच घात झालेला आम्ही पाहिला आहे.

हे काम उपकार म्हणून करायचे नाही. ज्या मुलाला बूट द्याल, त्याला नागरिक म्हणून मान ताठ ठेवायलाही शिकवा. नाहीतर उद्या कोणी पक्ष येईल, त्याचे पदक आणि त्याचा चेहरा उसना घेईल आणि त्यालाच आपल्या समाजासमोर उभा करील. बाळूंच्या दुसऱ्या डावाने आम्हाला हेच शिकवले आहे. आणि त्यांच्या पहिल्या डावाने शिकवले ते असे की, मैदानावर पाण्याचा एकच माठ असावा. महार, मांग, चांभार, वंजारी, मराठा, मुसलमान, कोणाचेही लेकरू असो, सर्वांनी त्यातूनच पाणी प्यावे. जेथे दुसरा माठ दिसेल तेथे, १९२० मध्ये शिवराम आणि विठ्ठल यांनी केले तेच करावे. खेळ थांबवावा आणि आधी माठाचा निकाल लावावा.

येत्या ४ जुलैला निदान एका तरी वस्तीच्या मैदानावर बाळूंचा फोटो लागावा आणि त्याखाली पोरे खेळावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.

जय भीम!